यशोदा त्या दिवशी एकटी होती

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



कार्तिक लागला. पहाटेची काकडआरती सुरू झाली, कपाटातल्या शाली बाहेर निघाल्या, आणि आरतीनंतर चहाच्या पातेल्याभोवतीची गर्दीही वाढली. दरवर्षीप्रमाणे यंदाही आपल्याकडे काकड्यानंतर भागवताच्या दशम स्कंधाचं वाचन चालू आहे. मागच्या गुरुवारी नववा अध्याय झाला. यशोदेने कृष्णाला उखळाला बांधलं, तो अध्याय. त्यावर आम्हा सेवेकरी बायकांमध्ये जे बोलणं झालं ते सगळ्यांपर्यंत पोचावं म्हणून हे लिहून पाठवत आहोत. थोडं मोठं झालं आहे. दुपारचं काम आटोपल्यावर निवांत वाचा, आणि वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका.

कथा सगळ्यांना पाठ आहे. मडकं फोडलं, लोणी खाल्लं, आईने बांधून ठेवलं. कीर्तनात इतक्या वेळा ऐकलेली असते की पुढचं वाक्य बुवांच्या आधी आपणच म्हणतो. पण पोथी समोर ठेवून पहिल्यापासून वाचलं की एक गोष्ट नजरेत येते, जी ऐकताना बहुधा सुटून जाते. अध्यायाच्या अगदी पहिल्याच श्लोकात सांगून ठेवलं आहे की त्या दिवशी घरातल्या दासी दुसऱ्या कामांना लावलेल्या होत्या, म्हणून नंदाची पत्नी स्वतःच दही घुसळायला बसली.

नंदाचं घर म्हणजे गोकुळातलं मोठं घर. हाताखाली माणसं, शेजारी गोपी, सोबतीला रोहिणी. एरवी कृष्ण कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असायचा. त्या एका सकाळी मात्र यशोदेजवळ कुणी नव्हतं. आणि बघा, सगळं त्याच सकाळी घडलं. ती घुसळते आहे, घुसळताना बाळाच्या लीलांची गाणी म्हणते आहे. तेवढ्यात भुकेलेला कृष्ण येऊन रवी धरून ठेवतो. ती त्याला मांडीवर घेऊन पाजायला बसते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं. त्याचं पोट भरलेलं नसतानाच त्याला खाली ठेवून ती दुधाकडे धावते. तो चिडतो, ओठ थरथरतात, दगडाने मडकं फोडतो आणि आत जाऊन लोणी खात बसतो. ती दूध उतरवून येते तर इथे हा पसारा.

वाचन इथवर आलं तेव्हा आमच्यातल्या एक ताई, ज्यांच्या घरी सध्या दीड वर्षाचा नातू आहे, मध्येच म्हणाल्या, “अहो, हे तर आमच्याकडे रोज सकाळी आठ वाजता चालू असतं.” सगळ्या हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. कारण दूध उतू गेलं म्हटल्यावर आम्हा सगळ्यांना एकच घर आठवलं.

ते घर कोणतं, ते सांगतो. तिला विचारूनच लिहीत आहोत, नावगाव मात्र घालत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावकडची मुलगी, लग्न करून इथे इंदूरला आली. नवरा सकाळी आठला घराबाहेर पडायचा तो रात्री नऊला परतायचा. सासूबाई नाहीत. बाळंतपण इथेच झालं. तिची आई आली, सव्वा महिना राहिली, आणि तिकडे वडिलांची तब्येत बिघडली म्हणून परत गेली. त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट, ती आणि बाळ.

गुरुवारी ती आरतीला यायची. बाळ पाच-सहा महिन्यांचं असेल. नामस्मरणाला सगळे डोळे मिटून बसले की नेमकं तेव्हाच ते रडायचं. दोन-तीन गुरुवार आम्ही सहन केलं. हा शब्द आज लिहितानाही बोचतो, पण तेव्हा आम्हाला तसंच वाटायचं. चौथ्या गुरुवारी आमच्यातल्याच एकीने जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, “बाळाला जरा बाहेर घेऊन जा ना गं, सगळ्यांचं ध्यान मोडून राहिलंय.” ती उठली. बाहेर चपलांच्या रॅकजवळ उभं राहून तिने उरलेली आरती ऐकली. प्रसाद घेतला की नाही तेही कुणी पाहिलं नाही. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही म्हटलं, बाळात गुंतली असेल.

गुरुपौर्णिमेचा प्रसाद पोचवायला आमच्यातल्या तिघी तिच्या घरी गेल्या. दार उघडायला फार वेळ लागला. आत करपलेल्या दुधाचा वास भरला होता. गॅस चालूच. बाळ जमिनीवर चादरीवर पडून रडत होतं, रडून रडून आवाज बसला होता. तिने दार उघडलं आणि परत जाऊन भिंतीला टेकून बसली, जसं काही कुणी आलंच नाही. आम्ही गॅस बंद केला, बाळाला उचललं. काय झालं गं, असं विचारलं तर म्हणाली, “काही नाही काकू. हा रडतो ते ऐकू येतं. पण माझ्याच्याने उठवत नाही.”

पहिली चूक आम्ही चपलांच्या रॅकजवळ केली होती. दुसरी इथे केली. आम्ही तिला ताबडतोब उपदेश करायला लागलो. असं सोन्यासारखं बाळ दिलंय देवाने, नाम घे, मन शांत होईल, आमच्या वेळी तर पाणीसुद्धा विहिरीवरून भरावं लागायचं. (खरं म्हणजे आमच्यापैकी कुणीही विहिरीवरून पाणी भरलेलं नाही. ते आमच्या सासूबाईंचं वाक्य आहे, आम्ही नुसतं पुढे चालवतो.) ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “नाम घ्यायला बसले की डोळे मिटतात. आणि मिटले की वाटतं, परत उघडूच नयेत.”

त्या तिघींमधल्या एक ताई निवृत्त नर्स आहेत. त्या त्या दिवशी बरोबर होत्या ही आम्ही गुरुकृपाच समजतो. त्यांनी आम्हाला नजरेनेच गप्प केलं. तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि विचारलं, “सलग तीन तास शेवटचं कधी झोपली होतीस?” तिला आठवेना. मग थोड्या वेळाने त्यांनी सरळच विचारलं, “जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?” आम्ही हबकलो. असं कुणी तोंडावर विचारतं का? ती रडायला लागली आणि बऱ्याच वेळाने हो म्हणाली. नंतर ताईंनी आम्हाला समजावलं की असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात घुसत नाही. तो आधीच आत असला तर विचारल्यामुळे बाहेर येतो, आणि बाहेर आला की माणूस वाचवता येतो.

त्या दिवशी तिला एकटं सोडलं नाही. नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, मग मानसोपचाराचे डॉक्टर. अंगावर पाजत असताना चालतील अशीच औषधं त्यांनी बघून दिली. आम्ही घरी जाण्याच्या पाळ्या लावल्या. चार-पाच महिने लागले. आज तो मुलगा तीन वर्षांचा आहे, आरतीच्या वेळी घंटा कुणी वाजवायची यावरून भांडतो, आणि ती आमच्याबरोबर डबे भरायला असते.

आता परत पोथीकडे येऊ. यशोदा कृष्णाला बांधायला जाते तर दोर दोन बोटं कमी पडतो. दुसरा जोडला तरी दोन बोटं कमी. घरातले सगळे दोर संपले. या दोन बोटांचा अर्थ आपण पुष्कळदा ऐकला आहे, एक बोट भक्ताच्या प्रयत्नाचं आणि दुसरं भगवंताच्या कृपेचं. तो अर्थ खराच आहे. पण दोर शेवटी पुरला कसा, ते पोथीत जसं लिहिलं आहे तसं बघा. आईचं अंग घामाने भिजलेलं, केसांतली फुलं गळून पडलेली, ती दमलेली. हे कृष्णाने पाहिलं, आणि कृपा करून बांधून घेतलं. म्हणजे कृपा उतरली ती आईचा थकवा बघून. जो ब्रह्मांडाला आवरत नाही त्याला एका बाईचं दमणं दिसलं. आणि आपण डोळे मिटून ध्यान करत बसलो होतो, आपल्याला दहा हातांवरची दिसली नाही.

आम्हाला वाटतं, तान्ह्या बाळाकडे बघायला सगळेच जातात. झबलं, टोपरं, चांदीचा वाळा, फोटो. बाळ गोड असतंच. त्याच्या मागे बसलेल्या आईकडे मात्र कुणी बघत नाही.

संतांच्या कथांमध्ये सखूची कथा याच अंगाने वाचण्यासारखी आहे. सासरी कोंडून घातलेल्या सखूला पंढरीला जाता यावं म्हणून पांडुरंग तिचं रूप घेऊन तिच्या जागी राहिला. पाणी भरलं, दळण दळलं, सासूची बोलणी खाल्ली. त्याने सखूला धीर धर, सहन कर, असं काही सांगितलं नाही. तिचं काम अंगावर घेतलं आणि तिला सोडवलं. आपण मात्र कामाला हात न लावता बोलायला पुढे असतो. सद्गुरूंनी आपल्याला दोनच गोष्टी दिल्या, नाम आणि सेवा. बाळंतिणीच्या घरी जाताना त्यातली सेवा हातात ठेवावी आणि नाम आपल्या मनात चालू द्यावं, हे आम्ही त्या घरातून शिकलो.

थोडं माहितीचं बोलतो, कारण हे घराघरात ठाऊक असायला हवं. बाळंतपणानंतर पहिले आठ-पंधरा दिवस विनाकारण रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. पण दोन आठवड्यांच्या पुढेही मन काळवंडलेलं राहिलं, बाळ झोपलं तरी हिला झोप येत नसेल, बाळाबद्दल काही वाटत नसेल, मी वाईट आई आहे असं ती घोकत असेल, तर तो आजार आहे. तो पहिल्याच महिन्यात दिसेल असं नाही, वर्षभरात केव्हाही सुरू होऊ शकतो. औषधाने आणि आधाराने बरा होतो. आणि जर तिला भास होत असतील, कुणी बाळाला पळवून नेणार आहे असले संशय येत असतील, न झोपता ती भलतंच बोलत असेल, तर नजर काढत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या, तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका. सरकारने २०२२ साली टेलिमानस नावाची सेवा सुरू केली, तिचा नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, आपल्या भाषेत बोलता येतं. फ्रिजवर दूधवाल्याच्या नंबराशेजारी लिहून ठेवा.

मधुमेह झालेल्या माणसाला आपण माळ वाढव असं सांगत नाही, गोळी घेतलीस का विचारतो. माळ त्याची तो ओढतोच. मनाच्या आजारालाच आपण नामाची उणीव का म्हणतो कोण जाणे. यात नामाचाही अपमान आहे.

आपल्या सव्वा महिन्याच्या चालीबद्दल हल्लीच्या मुली कुरकुर करतात, आणि काही बाबतीत त्यांचं बरोबर आहे. पण त्या चालीच्या पोटात शहाणपण होतं. बाईला चुलीपासून सोडवायचं, गरम आणि ताजं खाऊ घालायचं, अंग चोळून द्यायचं, बाळासकट तिला झोपू द्यायचं. आशा कार्यकर्तीने नवजात बाळाच्या घरी जाण्याचं सरकारी वेळापत्रक बघितलं तर तेही बेचाळीस दिवसांचंच आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी. या पद्धतीचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांतल्याच बायकांना शिकवून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळ तपासायच्या, ऊब द्यायच्या, अंगावर पाजायला शिकवायच्या, जंतुसंसर्ग ओळखायच्या. १९९९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले होते. गावातलीच एक शिकवलेली बाई दारात आली आणि एवढं घडलं. आपल्यालाही निदान दारापर्यंत जाता येईल.

चालीतलं काय सोडायचं तेही सांगायला हवं. इथे काही आजी रागावतील, पण लिहिणं भाग आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, गुटी नाही, इंदूरच्या मे महिन्यातसुद्धा पाणी नाही. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, जिभेवर ॐ काढायलाही नाही. त्यातून क्वचित होणारा विषबाधेचा आजार तान्ह्या बाळाला झेपत नाही. नाकाकानात तेल सोडायचं नाही. डोळ्यांत काजळ नको, तीट लावायचीच तर तळपायाला लावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुरी अजिबात नको, त्या हवेने आई आणि बाळ दोघंही दगावू शकतात. आम्ही आमच्या मुलांना मध चाटवला होता आणि मुलं धडधाकट आहेत, हे आम्हीही म्हणून पाहिलं. नर्सताई म्हणाल्या, “तुमची आहेत. ज्यांची नाहीत ती आज इथे सांगायला बसलेली नाहीत.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी मात्र खुशाल खाऊ घाला.

आता आमच्या पाळ्यांविषयी. सुरुवातीला त्यातही आम्ही गोंधळच घातला. डबा पाठवायचा ठरलं, तर प्रत्येक जण आपलं पाककौशल्य दाखवायला लागली. बाळंतिणीकडे एकाच आठवड्यात तीन प्रकारचे लाडू जमले आणि साधं वरण-भात कुणी पाठवेना. शिवाय डबा रिकामा परत करू नये ही आपली रीत. त्यामुळे ती बिचारी आमचा डबा धुऊन, त्यात शिरा नाहीतर पोहे भरून परत करायची. म्हणजे तिचं काम वाचवायला गेलो आणि वाढवून आलो! आता नियम असा की डबा न धुता, रिकामा परत यायचा. ज्या घरी हे पटत नाही तिथे आम्ही स्वतःच उभ्या उभ्या डबा ओतून देतो आणि घेऊन येतो. दुपारी बाराच्या आत पोचायचं, आणि गप्पा मारत बसायचं नाही.

दुसरी पाळी झोपेची. दोघी जायचं, एकीने बाळ घ्यायचं, दुसरीने कपडे वाळत घालायचे किंवा भांडी घासायची, आणि तिने दार लावून दोन तास झोपायचं. बाळ भुकेनं रडलं तरच उठवायचं. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी पाळी दुसरीला द्यायची. आत गेल्यावर आधी हात धुवायचे, बाळाचे पापे घ्यायचे नाहीत. बाळ झोपवताना पाठीवर झोपवायचं.

आणि काही प्रश्न विचारायचे नाहीत. दूध पुरतं का गं? हा प्रश्न वरवर काळजीचा आहे, पण रात्रभर त्याच चिंतेत जागलेल्या बाईला तो सुरीसारखा लागतो. रंग कुणावर गेला, वजन अजून भरलं नाही का, सीझर का करावं लागलं, हेही नाही. मुलगी झाली असेल तर “असू दे, लक्ष्मी आहे” म्हणायचं नाही. लक्ष्मी म्हणा, त्याच्या आधीचं “असू दे” गिळून टाका.

गुरुबंधूंनो, वाचणं सोडू नका, तुमच्यासाठीही पोथीत आहे. कृष्णाने उखळ ओढत नेलं, यमलार्जुनाची झाडं कोसळली, सगळे गोप धावत आले, कोण काय म्हणतंय कळेना. तेव्हा नंदबाबांनी काय केलं? दोराने बांधलेलं, उखळ ओढणारं आपलं पोर बघून ते हसले आणि त्यांनी दोर सोडला. यशोदेला सर्वांसमोर जाब विचारल्याचं तिथे काही लिहिलेलं नाही. संध्याकाळी घरी येऊन पसारा दिसला की “दिवसभर काय करून राहिली होतीस?” असं विचारणाऱ्यांनी हे दोन श्लोक वाचावेत. आमच्या पाळीतल्या एका घरी तरुण बाबा पहाटे चार ते सात बाळ घेऊन गच्चीवर फेऱ्या मारतो. त्या तीन तासांच्या झोपेवर त्याची बायको अख्खा दिवस काढते. तो मनातल्या मनात जप करतो म्हणे. त्याचा काकडा आम्ही तोच मानतो, सभागृहात यायची गरज नाही.

दीड-दोन वर्षांच्या मुलांची गोष्ट वेगळी. ती झोपतात, पण जागी असताना माणसाला बसू देत नाहीत. जमिनीवर लोळण घेतात, हवं ते मिळेना की श्वास कोंडून रडतात. यशोदा छडी घेऊन मागे धावली हे सगळ्यांना आठवतं. पण पोराच्या डोळ्यांतली भीती बघून तिने छडी टाकून दिली, हे त्याच अध्यायात आहे आणि ते आपण विसरतो. दोन वर्षांच्या मुलाला स्वतःचा राग आवरता येत नाही, ती ताकद अजून यायची असते. त्याला थोपवायला शेजारी शांत बसलेलं मोठं माणूस लागतं. आणि शांत राहायला त्या मोठ्या माणसाचं पोट भरलेलं आणि झोप झालेली असावी लागते. म्हणजे फिरून आपण डब्यावरच येतो.

मोबाइलबद्दल आम्ही उपदेश करावा तर हे तुम्ही मोबाइलवरच वाचत आहात. तरी एवढं सांगतो की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा दाखवूच नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पण एकट्या आईने स्वयंपाक होईपर्यंत मुलाच्या हातात फोन दिला तर तिला बोलण्याआधी अर्धा तास आपण त्या मुलाला सांभाळलं का, ते स्वतःला विचारावं.

आपल्या सभागृहात आता मागच्या बाजूला एक मोठी सतरंजी अंथरलेली असते. तिच्यावर लाकडी वाट्या, जुने डाव, चिंध्यांची बाहुली. कोपऱ्यातल्या खोलीला पडदा लावून पाजायला जागा केली आहे. सगळ्यांना हे पटलेलं नाही. आपले एक ज्येष्ठ गुरुबंधू अजून म्हणतात की अशाने उपासनेची शिस्त जाते. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, वाटी फरशीवर आपटली की आमचीही माळ चुकते. म्हणून तोडगा काढला. पहाटेचा काकडा शांततेचा, आणि गुरुवारची संध्याकाळची आरती सगळ्यांची. ती आता साडेआठऐवजी सात वाजता होते, म्हणजे मुलं वेळेवर घरी जाऊन झोपतील.

अजून एक. सभागृहामागे जी नवी इमारत उठते आहे, तिथे झाबुआ-आलिराजपूरकडची कुटुंबं कामाला आहेत. साडीच्या झोळीत तान्ही बाळं, खाली सिमेंटची धूळ. एकनाथ महाराजांनी गोदावरीच्या तापल्या वाळूवर रडणारं मूल उचललं तेव्हा ते कुणाचं हे विचारलं नाही, ही कथा आपण दर षष्ठीला सांगतो. म्हणून आम्ही जुने कपडे घेऊन गेलो. तर त्या बायकांनी कपडे घेतले, पण म्हणाल्या की लेकरांना दुपारी सावली आणि प्यायचं पाणी मिळालं तर बरं. आता दुपारी बारा ते तीन सभागृहाचा ओटा उघडा असतो. जवळच्या आंगनवाडीत त्यांची नावं घालायला आम्ही बरोबर जातो, कारण एकट्या गेल्या की त्यांना उद्या या म्हणतात. आंगनवाडी या शब्दाशी आपलं जुनं नातं आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येईनात तेव्हा त्या शाळा त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या.

पुढच्या महिन्यात दत्तजयंती. त्रिमूर्ती अनसूयामातेच्या आश्रमात तान्ही बाळं झाली, तिने तिघांना पाजलं, जोजवलं. एकदम तीन! नर्सताई म्हणतात, तिच्याकडे पाळी लावायला आपण असतो तर बरं झालं असतं. यंदा पाळण्याच्या वेळी पुढच्या दोन रांगा बाळं असलेल्या आयांसाठी राखून ठेवल्या आहेत. चपलांच्या रॅकजवळ कुणीही मूल घेऊन उभं दिसलं तर त्यांना हाताला धरून पुढे आणून बसवा.

मार्गशीर्षात आपल्या चार घरी बाळं येणार आहेत. दुपारच्या झोपेच्या पाळीला मंगळवारी आणि शनिवारी माणसं कमी आहेत. पन्नाशी-साठीच्या गुरुभगिनींनी गुडघ्यांची सबब सांगू नये, बाळ मांडीवर घेऊन बसायचं आहे, जिने चढायला लिफ्ट आहे. गुरुबंधूंनी डबे पोचवायला स्कूटर घेऊन यावं. नावं आरतीनंतर वहीत लिहा, ग्रूपवर नुसते हात जोडू नका.

निळ्या झाकणाचे चार डबे अजून परत आलेले नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी गुरुवारी आणावेत. रिकामे, न धुता.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्या सेवेकरी भगिनी,
इंदूर